खालची ओंजळ

१

लग्नात कन्यादानाच्या वेळी सगळे रडतात, फोटोग्राफर सोडून. त्याला फोकस सांभाळायचा असतो. लालबागचा स्वप्नील कुबल तर या बाबतीत अगदी कोडगा. मुलीच्या बापाला हुंदका आवरत नसायचा आणि हा ट्रायपॉडवर वाकून सांगायचा, "काका, रडा बिनधास्त, फक्त हात हलवू नका."

त्याचा खरा जीव पाण्यात. लग्नांची कामं घ्यायच्या आधी बरीच वर्षं त्याने फक्त पाणीच टिपलं. भरतीला वरळीच्या भिंतीवरून रस्त्यावर येणारी लाट, दादरच्या चौपाटीवर समुद्रात घुसणारा नाला, गिरगावात फुटलेल्या पाइपातून दुसऱ्या मजल्यापर्यंत उडालेला फवारा. कॅमेऱ्याचा पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवला की थेंब दिसत नाहीत, पाण्याची ओढ दिसते. ते कुठून निघालंय, कुठे चाललंय, वाटेत काय घेऊन जाणार आहे, सगळं कागदावर उतरतं. जे हलतं ते पुसलं जातं आणि स्थिर असेल तेवढंच नीट उमटतं. लोक ते फोटो बघून वा वा करायचे आणि न घेता निघून जायचे.

मग मुलगी झाली, ओवी, आणि घर चालवायची वेळ आली. पोट काय, भल्याभल्यांना लग्नाच्या हॉलवर आणून उभं करतं. तिथे स्वप्नीलला त्याचं पाणी पुन्हा सापडलं. सगळ्यांत वर मुलीच्या बापाची ओंजळ, तिच्याखाली मुलीची, तिच्याखाली जावयाची आणि तळाला काशाचं पात्र. मुलीची आई झारीतून धार धरते. पाणी बापाच्या हातांतून मुलीच्या हातांत, तिथून जावयाच्या हातांत उतरतं आणि पात्रात पडतं. धार सुरू होते तेव्हा मुलगी बापाची असते आणि धार संपते तेव्हा दुसऱ्याची. नद्या डोंगर कापतात त्याचं लोकांना कोण कौतुक, पण एका झारीभर पाण्यात एवढा जोर असतो हे कुणी बघत नाही, असं स्वप्नील म्हणायचा.

तो शटर अर्ध्या सेकंदावर ठेवायचा. आजूबाजूची गर्दी पुसट व्हायची आणि तीन ओंजळींतून खाली उतरलेला पाण्याचा एक अखंड पांढरा दोर तेवढा राहायचा. लालबाग-परळच्या कितीतरी घरांत दर्शनी भिंतीवर तो फोटो लागला. त्याच्याबरोबर व्हिडिओ करणारा राकेश मात्र नाक मुरडायचा. "आमच्यात नसतं हे, भावा. बुद्ध विहारात दोघं हार घालतात, विषय संपला. मुलगी काय वस्तू आहे द्यायला?"

"तू तुझा अँगल बघ," स्वप्नील म्हणायचा.

२

ऋतुजा नावाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो निवडायला तो सकाळी परळच्या स्टुडिओत बसला होता. अल्बमची मांडणी त्याची बायको अक्षदा करायची. तिने कन्यादानाचा फोटो स्क्रीनवर घेतला आणि चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबली.

"पाणी कुठे गेलं रे?"

"कुठलं पाणी?"

"अरे, एवढी धार पडतेय आणि पात्र कोरडं कसं?"

खरंच कोरडं होतं. लखलखीत, पुसून ठेवल्यासारखं. स्वप्नील म्हणाला, चकाकी असेल, काशावर फ्लॅश असाच मारतो. म्हणाला खरं, पण त्या दिवशी त्याने फ्लॅश वापरलाच नव्हता. अक्षदा खाली दूध आणायला गेल्यावर त्याने फोटो मोठा केला. जावयाच्या हातांतून निघालेला पांढरा दोर खाली आला होता आणि पात्राच्या जरासा वर संपला होता. तिथे आणखी एक ओंजळ होती.

भटजींची असेल, असं त्याला आधी वाटलं. पण भटजी पलीकडे पोथी धरून बसले होते. मग त्याने हातांकडे नीट पाहिलं. जिवंत माणसाचा हात अर्धा सेकंदसुद्धा पूर्ण स्थिर राहत नाही. नाडी चालू असते, श्वास चालू असतो, कडा किंचित फुटतातच. बापाच्या, मुलीच्या, जावयाच्या, तिघांच्याही हातांच्या कडा तशा फुटल्या होत्या. खालच्या ओंजळीची मात्र रेघ न् रेघ दिसत होती. बोटं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली, पांढरट होती. मनगटांच्या पुढे काहीच नव्हतं. दंड असायला हवेत तिथे पाटाभोवतीची रांगोळी सरळ दिसत होती.

कॅमेऱ्यात काहीतरी गडबड असणार, असं त्याने स्वतःला सांगितलं. एकावर एक दोन फोटो चढले असतील. स्वतःची समजूत घालायला माणसाला फार मोठं कारण लागत नाही. त्याने फोटो जावयाच्या हातांखाली कापला. कापलेला फोटो इतका देखणा दिसायला लागला की त्याने तो जाहिरातीसाठी सगळीकडे टाकला. पुढच्या सीझनच्या तारखा त्या फोटोने भरल्या.

३

अल्बम द्यायला तो ऋतुजाच्या सासरी माहीमला गेला. दार सासऱ्यांनी उघडलं. गुणाजी त्यांचं नाव, गिरणीतून निवृत्त झालेला उंच माणूस. त्यांच्या डोक्यावर नुकतेच उगवलेले पांढरे खुंट होते आणि आत रेडिओ, टीव्ही कशाचाच आवाज नव्हता.

"अल्बम होय," ते म्हणाले. "ठेव तिथे. सून गेली आमची."

"कधी? म्हणजे, कशी?" स्वप्नीलने विचारलं.

"आंघोळीला गेली सकाळची. बराच वेळ झाला, पाणी वाहत होतं. हाका मारल्या. कडी आतून होती, दार तोडायला लागलं." ते खुर्चीवर बसले आणि अल्बम मांडीवर घेतला. "नळाखाली बसलेली. बालदी भरून वाहत होती आणि ही अशी दोन्ही हातांची ओंजळ धरून. डॉक्टर म्हणाला, हार्ट. काय हार्ट, तेवीस वर्षांची पोर ती."

ते पानं उलटत कन्यादानाच्या फोटोपाशी आले आणि तिथे थांबले.

"ओंजळ सुटेना तिची," ते म्हणाले. "तिच्या आईने तेल लावलं, कोमट पाणी लावलं. बोट न् बोट धरून ओढलं. मोडतील म्हणून शेवटी सोडून दिलं. तशीच नेली."

गुणाजींनी खांद्यावरच्या पंच्याने फोटोवरची नसलेली धूळ पुसली.

"फोटो मात्र झकास काढलायस हो," ते म्हणाले.

४

इथेच त्याने शहाणं व्हायला हवं होतं. झाला नाही.

त्यानंतर बरीच लग्नं नीट पार पडली. पात्रात पाणी पडायचं, खाली काही नसायचं. स्वप्नीलच्या मनातली भीती हळूहळू बसत गेली. मग माटुंग्याच्या एका हॉलमध्ये मनू नावाच्या मुलीचं कन्यादान चालू असताना त्याने पहिला फोटो काढून स्क्रीनवर पाहिला, आणि ओंजळ तिथे होती. डोळ्यांनी बघितलं तर पाटापाशी काही नाही. स्क्रीनवर मात्र स्पष्ट. धार अजून पडत होती. हाताच्या अंतरावर मनूची आई झारी धरून उभी होती. "थांबा" एवढा एक शब्द म्हणायचा होता.

त्याच वेळी खिडकीतून ऊन आलं. पाण्याचा दोर असा काही उजळला की वरळीच्या भिंतीवर त्याने इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो उजेड हाच, हे त्याला कळलं. त्याने श्वास रोखला आणि बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. काय सांगणार होतो आपण त्या लोकांना, असं तो नंतर स्वतःला म्हणाला. लग्नात विघ्न आणणारा वेडा म्हणून बाहेर काढलं असतं.

महिना उलटायच्या आत राकेशचा फोन आला. "माटुंग्याची ती पोरगी गेली. स्वयंपाकघरात, सिंकपाशी. नळ चालू होता म्हणे." "स्वप्नील, तिचे हात…"

"माहितीये," स्वप्नील म्हणाला. त्याने राकेशला स्टुडिओत बोलावलं आणि दोन्ही मूळ फोटो दाखवले. राकेशने खालचे हात मोठे करून पाहिले. मग म्हणाला, "हे मागणारे हात आहेत, भावा. आणि तुम्ही लोक देत सुटलायत."

सुटकेची वाट त्यांना तिसऱ्या लग्नाने दाखवली. हॉल दादरचा होता. पहिल्या फोटोत ओंजळ दिसली, आणि स्वप्नीलने काही करायच्या आत मुलीच्या आईच्या हातातून झारी निसटली. धार तुटली. म्हाताऱ्या बायका हळहळल्या, भटजी चिडले, पुन्हा झारी भरून पाणी घातलं गेलं. दुसऱ्या फोटोत खाली फक्त पात्र होतं आणि त्यात पाणी होतं. तीच मुलगी पुढे सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचे फोटो काढायला स्टुडिओत आली. गुटगुटीत, हसरी. तिने पाणी मागितलं, ग्लास धरला, प्यायली, खाली ठेवला. स्वप्नील तिच्या हातांकडे वेड्यासारखा बघत राहिला. धार मोडली की माणूस वाचतं, हे त्याला कळलं. मनूला आपण वाचवू शकलो असतो हेही कळलं, आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

५

सुचित्रा त्याची धाकटी बहीण. आईवडील गेले तेव्हा ती शाळेत होती. स्वप्नीलनेच तिच्या वेण्या घातल्या, तिच्या शाळेत पालक म्हणून तोच उभा राहिला. ती आता परळच्या एका बँकेत होती आणि बरोबरच्या हितेंद्रशी तिचं ठरलं होतं.

"कोर्टात कर ना लग्न," स्वप्नील म्हणाला. "मस्त सुटसुटीत."

"दादा, आख्ख्या मुंबईची लग्नं लावतोस आणि माझ्या वेळेला कोर्ट?"

"बरं, हॉलवर कर. कन्यादान नको ठेवू. तूच म्हणायचीस ना, दान काय माणसाचं करतात?"

"म्हणायचे. अजून म्हणते." सुचित्राने भाजी निवडता निवडता मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पण बाबा असते तर त्यांनी केलं असतं. ते नाहीत म्हणून राहिलं, असं मला नकोय. मला दान-बिन नकोय रे. तुझ्या हातचं पाणी हवंय."

यावर कुठला भाऊ नाही म्हणेल? त्यातून हितेंद्रची आई, सुभद्राबाई, रीतभातीला पक्की. कन्यादान नसेल तर लग्न कसलं, असं तिने आधीच ऐकवलं होतं.

स्वप्नीलने अक्षदाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि म्हणाली, "डोकं फिरलंय तुझं. पण तू थांब म्हटलंस की मी थांबेन. बस?" ठरलं ते असं. धार अक्षदा धरणार, कॅमेऱ्यावर राकेश. राकेश पहिला फोटो काढून स्क्रीन बघणार. खाली ओंजळ दिसली तर हात वर करणार. मग अक्षदा धार मोडणार. कुणी काही बोललं तर बोलू दे, सुचित्रा तर वाचेल.

सगळ्यांत खूश ओवी होती. तिला आत्याची करवली व्हायचं होतं. हिरवं परकर-पोलकं घालून ती दोन दिवस घरात मिरवत होती आणि आत्याच्या शालूला कुणी हात लावला की त्याच्यावर डाफरत होती. तो तिच्या आजीचा शालू होता आणि तो सांभाळायचं काम आपलं आहे, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

६

मुहूर्त दुपारचा होता. हॉल गच्च भरला होता, पंखे फिरत होते, मागच्या रांगेतले लोक जेवणाच्या पंगतीकडे डोळे लावून बसले होते. स्वप्नील सोवळं नेसून पाटावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला होता. त्याने ओंजळ पुढे केली. खाली सुचित्राची ओंजळ, मेंदीने लाल झालेली. तिच्याखाली हितेंद्रची. ओवी आत्याला खेटून, स्वप्नीलच्या डाव्या हाताशी उभी होती. हातातला कऱ्हा तिने बाजूला ठेवला होता.

"वहिनी, धरा धार," भटजी म्हणाले. "मधे खंड नको."

थंड पाणी स्वप्नीलच्या हातांवर आलं. तिथून सुचित्राच्या, मग हितेंद्रच्या. पाणी काशाच्या पात्रात पडायला लागलं आणि त्याचा बारीक, स्वच्छ नाद यायला लागला. स्वप्नीलने कान तिथेच लावून ठेवले. नाद येतोय तोवर सगळं ठीक आहे, असं तो मनात म्हणत होता.

नाद थांबला.

पाणी पडत होतं. झारीतून पडत होतं, त्याच्या बोटांतून पडत होतं, हितेंद्रच्या हातांखालून पडताना त्याला डोळ्यांनी दिसत होतं. पण पात्रात ते पोचत नव्हतं. त्याने समोर पाहिलं. राकेश स्क्रीनवर वाकला होता. त्याने मान वर केली नाही, नुसता हात वर केला.

"अक्षदा, थांब," स्वप्नील म्हणाला.

अक्षदाने झारी सरळ करायला घेतली. तेवढ्यात सुभद्राबाईंनी मागून येऊन तिच्या कोपराखाली हात दिला आणि झारी होती तशी कलती धरली. "मोडू नको गो बाय. धार मोडली की वाईट असतं. दमलीस तर मी धरते ना."

"काकू, सोडा—"

"मी धरलंय गो. तू फक्त नीट बघ."

सुचित्राची ओंजळ खाली चालली होती. ती स्वतः नेत नव्हती. तिचे खांदे ताणले होते, बांगड्या मनगटावरून पुढे घसरल्या होत्या आणि ती गोंधळून हसत होती. "दादा, पाणी केवढं जड लागतंय रे." हितेंद्रचे हातही तिच्याबरोबर खाली ओढले जात होते. आणखी वीतभर, की ते पात्राला टेकले असते.

स्वप्नीलने विचार केला नाही. धार थांबवता येत नव्हती, पण ओंजळ त्याची स्वतःची होती. त्याने दोन्ही हात झटक्यात डावीकडे नेले. सुचित्राच्या हातांवरचं पाणी तुटलं. तिचे हात एकदम सैल सुटून वर आले, ती मागे कलंडली आणि हितेंद्रने तिला सावरलं.

"आत्याचा शालू!" ओवी ओरडली.

स्वप्नीलचं तिकडे लक्ष नव्हतं. तो सुचित्राकडे बघत होता. ती हात झटकत होती, बोटं उघडत होती, मिटत होती. हितेंद्रच्या सदऱ्याला हात पुसत ती म्हणाली, "काय रे दादा, घाबरवलंस ना!" वाचली, असं स्वप्नीलच्या मनात आलं, आणि त्याला भडभडून आलं. इतक्या बापांना हात हलवू नका म्हणून सांगणारा तो माणूस भर मांडवात लहान मुलासारखा रडला. झारीतलं पाणी अजून त्याच्या हातांवर पडत होतं, तेही त्याच्या ध्यानात नव्हतं. ते संपलं तेव्हा अक्षदाने रिकामी झारी खाली ठेवली.

मागून कुणीतरी मावशी मोठ्याने म्हणाली, "घ्या! बापाने करवलीचंही कन्यादान उरकून टाकलं!" आणि सगळा हॉल हसला. भटजीसुद्धा हसले. कुणीतरी अक्षता फेकल्या.

स्वप्नीलने डावीकडे पाहिलं. शालू भिजू नये म्हणून ओवीने आपली ओंजळ बरोबर त्याच्या हातांखाली धरली होती. पाणी सगळं तिच्यात पडलं होतं. काठोकाठ भरलेली ती इवलीशी ओंजळ तिने अजून तशीच धरली होती आणि पोरीच्या बोटांमधून एक थेंबही खालच्या सतरंजीवर गळत नव्हता.

"ओवी," तो म्हणाला. "टाक ते पाणी, बाळा."

ओवीने हात मागे घ्यायला जोर लावला. तिचे खांदे हलले, हात हलले नाहीत. समोर राकेश कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघत होता आणि त्याचा वर केलेला हात अजून वरच होता. ओवीने खाली, आपल्या ओंजळीच्या खाली, जिथे नुसती सतरंजी होती तिथे पाहिलं. मग शाळेतल्या एखाद्या पोराची तक्रार करावी तशी ती कुरकुरली.

"बाबा, ह्यांना सांग ना, माझे हात सोडा म्हणून."